हेडहंटर आणि सावद्याच्या मंदाबाई

माझ्या कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह सर्च' असं छापलेलं आहे. पण आमच्या धंद्यातले लोक एकमेकांना हेडहंटरच म्हणतात. हा शब्द मी साक्रीकडच्या आमच्या घरी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा आई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. वडिलांनी तिला शब्दाची फोड करून सांगितली. हेड म्हणजे डोकं, हंटर म्हणजे शिकारी. आईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"म्हंजे तू लोकेसनी डोकी मारस का वं, दिपमाला? हाई कसं काम शे?"

मी खूप हसले. मग तिला समजावलं, की कंपनीला मोठ्या जागेवर माणूस हवा असतो आणि मी तो शोधून देते. आईनं त्यातून एवढाच अर्थ घेतला, की आपली मुलगी नोकऱ्या लावून देते. गावभर तेच पसरलं. पुण्याहून परत येऊन मी धुळ्यात, देवपूरला घरूनच काम करायला लागले, तेव्हा रविवारी सकाळी फाटकाशी कोणी ना कोणी प्लास्टिकच्या पिशवीत मुलाचा बायोडाटा घेऊन उभं असायचं. त्यांना काय सांगायचं, हे मला अजून नीट जमत नाही. नोकरी शोधणाऱ्यांना नोकरी मिळवून देणारे वेगळे. हेडहंटर जातो तो नोकरी न शोधणाऱ्याकडे. आपल्या जागी मुकाट, चोख काम करत बसलेल्या माणसाकडे जायचं आणि हळूच विचारायचं, "इथून उठून तिकडे याल का?" म्हणजे ज्यांना गरज आहे ते माझ्या दारात उभे, आणि मी ज्यांना गरज नाही त्यांच्या दारात. आईला हे सांगितलं तर ती म्हणेल, मग याला काय अर्थ? म्हणून सांगितलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते मंदाबाईंबद्दल.

शिरपूरकडे महामार्गालगत केळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीचं नवं पॅकहाउस उभं राहत होतं. तिथल्या गुणवत्ता प्रमुखाच्या जागेसाठी माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं. बागेतून आलेले केळीचे घड इथे उतरतात, त्यांच्या फण्या कापतात, टाक्यांतल्या पाण्यात धुतात, निवडून खोक्यांत भरतात आणि थंड कंटेनरमधून आखातात पाठवतात. एखादी फणी चुकीची गेली तर तिकडे अख्खं खोकं फेकून देतात. कंपनीला कृषी पदवीधर हवा होता, दहा वर्षं अनुभवाचा.

अशा कामात मी सगळ्यांना एक प्रश्न हमखास विचारते. नाशिकच्या, बडोद्याच्या, जळगावच्या अनुभवी मॅनेजरांना फोन केले, गप्पा मारल्या आणि शेवटी विचारलं, "तुमचं स्वतःचं अडतं तेव्हा तुम्ही कोणाला विचारता?"

बडोद्याचे गृहस्थ म्हणाले, "सावद्याला एक बाई आहे. मंदाबाई. आडनाव माहीत नाही."

नाशिकच्यांनी एक गोष्टच सांगितली. एका वर्षी त्यांचा माल दुबईला पोचला तो सालीवर काळे ओघळ घेऊन. इंजिनिअर म्हणाले कंटेनरची थंडी बिघडली, कंटेनरवाले म्हणाले मालच खराब. कोणीतरी मंदाबाईंना फोटो पाठवला. त्यांचा उलटा प्रश्न आला, "धुयाचं पानी दिवसातून किती डाव बदलता?" पाणी सकाळी एकदाच भरलं जात होतं. कापलेल्या दांड्यातला चीक दुपारनंतर पाण्यात साचायचा आणि सगळ्या फळाला लागायचा. ओलं असताना दिसायचा नाही, पिकल्यावर काळा पडायचा. पाणी बदललं, ओघळ थांबले.

तिसरा कुंदन. जळगावचा, तिशीतला, पदवी आणि वर परदेशातला डिप्लोमा. तो मोकळेपणानं हसला. "मॅडम, ती जागा मला देऊ नका. मी स्वतः फणीचे फोटो काढून मंदाअक्कांना पाठवतो."

तीन गावांची तीन माणसं, एकमेकांना न ओळखणारी, आणि नाव एकच. बारा वर्षांत असं फार वेळा झालेलं नव्हतं.

कुंदनकडून नंबर घेतला आणि संध्याकाळी, कामाची वेळ संपल्यावर फोन लावला. माणूस मालकाच्या समोर असताना फोन करायचा नाही, हा आमचा पहिला नियम. मी नाव सांगितलं, कंपनीसाठी बोलते म्हणाले, तोच पलीकडून आवाज आला, "माह्या खात्यात काही नाही, बाई," आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. "ओटीपी नाही देनार," पुन्हा बंद. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीनं उचलला. मयुरी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती.

"तुम्ही नक्की कोण?" तिनं कडक आवाजात विचारलं.

"मी हेडहंटर आहे."

ती फोनवर हात न ठेवताच ओरडली, "आई, नेटवर बघू दे थांब. डोकं कापणारी म्हणतेय." मला सगळं ऐकू येत होतं. दोन मिनिटांनी ती परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "मॅडम, पण हे तर मोठ्या साहेब लोकांसाठी असतं. तुम्हाला माझी आईच हवी आहे ना?"

रविवारी मी धुळ्याहून जळगावची एसटी धरली आणि तिथून सावद्याची. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, दाराशी निळं पिंप, आत लख्ख घासलेली भांडी. मंदाबाई पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक, उंच. हातांच्या तळव्यांवर चिकाचे तपकिरी डाग, कितीही धुतले तरी न जाणारे. त्यांनी मला पलंगावर बसवलं, मयुरीला बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तळायला सांगितले आणि स्वतः खाली सतरंजीवर बसल्या. मीही खाली बसले.

"ताई, आता सांगा. कसाले आल्या एवढ्या दुरून?"

"तुम्हाला शोधत आले."

"शोधत?" त्या मयुरीकडे बघून हसल्या. "मी हरवली व्हती का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कोणती कंपनी, कुठे, काय काम. बडोद्याच्या, नाशिकच्या लोकांनी काय सांगितलं तेही. आपलं नाव बडोद्यापर्यंत गेलेलं आहे हे त्यांना खरंच वाटेना. त्यांनी तीनदा विचारलं, "माहं नाव घेतलं त्याइनं?" मग एकदम उठून बिबड्यांचं ताट आणायला गेल्या आणि बऱ्याच वेळानं परत आल्या.

कंपनीला पाठवायला बायोडाटा लागणार होता. त्यांच्याकडे असणं शक्यच नव्हतं. मी वही काढली आणि विचारत गेले, त्या सांगत गेल्या. सातवी पास. सतराव्या वर्षी लग्न. नवरा, पंडित, केळीच्या बागांत मजूर. मयुरी चार वर्षांची असताना पंडितला बागेत साप चावला. दवाखान्यात न्यायला जीप मिळाली, पण उशिरा. त्यानंतर मंदाबाई बागेतून घड वाहायला लागल्या, चुंबळ ठेवून, चिखलातून, रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत.

"तुमी डोकं शोधता म्हनता ना," त्या म्हणाल्या, "तर माह्या डोक्यानं पयले पाच वर्सं घडच वाह्यले. त्याच्यात काय व्हतं ते कोनी इचारलं नाही."

मग जीवरामभाऊंच्या शेडवर पॅकिंगचं काम मिळालं. जीवरामभाऊ केळीचे जुने व्यापारी. निर्यातीचा माल तेव्हा नुकताच सुरू झाला होता. बाहेरून आलेले साहेब मोजपट्टी लावून केळ्याची जाडी मोजायचे. मंदाबाई फणी हातात घेऊन, सालीवरचे कंगोरे अंगठ्यानं चाचपून सांगायच्या, हे आठ दिवस आधी कापलं, हे जास्त भरलं, हे जहाजातच पिकेल. साहेब हसायचे, मग मोजून बघायचे, मग हसायचे बंद झाले. खोक्यांवरच्या छापील अक्षरांवरून त्या इंग्रजी वाचायला शिकल्या. पहिला शब्द 'टॉप', दुसरा 'कीप'. आता त्यांच्या हाताखाली साठ बायका होत्या, बहुतेकींच्या हातात पहिल्यांदा सुरी त्यांनीच दिलेली.

"हुद्दा काय लिहू?" मी विचारलं.

मयुरीच स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "हजेरीच्या वहीत 'पॅकिंग, महिला' लिहितात. चौदा वर्षं तेच आहे."

"तसं नको म्हनू," मंदाबाई तिला म्हणाल्या. "भाऊनं काम दिलं तवा आपल्या घरात कनिक नव्हती."

मी हुद्द्याची ओळ मोकळी ठेवली.

कंपनीच्या मुंबईच्या साहेबांशी माझी जी बैठक झाली ती काही गोड नव्हती. "दिपमाला, सातवी?" ते म्हणाले. "तुम्ही बारा वर्षं आमच्यासाठी माणसं शोधताय. हे काय आहे?" मी त्यांना म्हटलं, एक दिवस बोलवा, माल समोर ठेवा, मग ठरवा. माझ्या बोलण्यात जोर होता, मनात तेवढा नव्हता. मंदाबाईंना तिथं नेऊन कोणी त्यांचा पाणउतारा केला असता तर मी सावद्याला तोंड दाखवू शकले नसते.

त्या शिरपूरला आल्या. मयुरीनं इस्त्री करून दिलेलं मोरपंखी लुगडं, हातात कापडी पिशवी. शेडमध्ये परीक्षेसाठी चाळीस खोकी मांडून ठेवली होती. मंदाबाईंनी खोक्यांकडे बघितलंही नाही. त्या थेट धुण्याच्या टाक्यांकडे गेल्या, बाही वर करून हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि विचारलं, "हे पानी बाहेर कोठून जातं?" अभियंत्यानं दाखवलं. पाणी जायचा नळ फक्त तळाशी होता. "चीक वर तरंगतो, साहेब, अन तुमी पानी खालून सोडता. वरचं तसंच ऱ्हाईन." नवीन बसवलेल्या स्टीलच्या टाक्या होत्या त्या. अभियंता नकाशा घेऊन आला, साहेब टाकीवर वाकून बघायला लागले. नंतर चाळीस खोकी त्यांनी अर्ध्या तासात तपासली आणि सात बाजूला काढली. त्यातल्या सहांत कंपनीनं मुद्दाम खराब फण्या ठेवलेल्या होत्या. सातव्यातली खराब फणी कोणालाच माहीत नव्हती.

त्यांच्या वर पॅकहाउसचा मुख्य म्हणून पदवीधर माणूसच आला, ते मी काही बदलू शकले नाही. पण गुणवत्ता प्रमुख मंदाबाई ठरल्या. राहायला शिरपुरात घर, आणि मालावर त्यांचा शब्द शेवटचा, असं पत्रात लिहिलं गेलं.

पत्र घेऊन मी सावद्याला गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

"भाऊले सांगल्याबिगर मी सही नाही करनार. अन ताई, तुमी संगं चला."

मी नको म्हणाले. ज्याचा माणूस आम्ही नेतो त्याच्यासमोर आम्ही कधीच जात नाही, हा दुसरा नियम. उलट मी त्यांना सांगायला लागले, की आधी सही करा, मग राजीनामा द्या, मालक अडवतात, गळ घालतात. मंदाबाईंनी ऐकून घेतलं.

"मले शोधाले तुमीच आल्या ना? मंग त्याइच्या तोंडावर सांगाले लाजता कसाले?"

बारा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी चप्पल घातली.

जीवरामभाऊ सत्तरीचे, पांढरा शर्ट, पायात दुखणं म्हणून शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले. मंदाबाई काही बोलायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "या कोन?"

"मी दिपमाला, भाऊ. धुळ्याची. हेडहंटर आहे." शब्द तोंडातून गेला आणि कान गरम झाले. "दुसऱ्याकडे चांगलं काम करणारं माणूस हेरून मी कंपन्यांना देते. मंदाबाईंना शिरपूरला जागा मिळाली आहे. बडोद्याच्या एका माणसानं नाव सांगितलं आणि मीच शोधलं त्यांना."

भाऊंच्या चेहऱ्यावर रक्त चढलेलं दिसलं. ते माझ्याशी बोललेच नाहीत. मंदाबाईंना म्हणाले, "पंडित गेल्यावर कोनाच्या दारात आली व्हती तू?"

"तुमच्या."

"मंग?"

"मंग तुमाले सांगाले आली, भाऊ. चोरून जाता आलं असतं."

आत पॅकिंगची पट्टी चालू होती. बायकांना कळलं असावं, कारण बोलण्याचे आवाज थांबले होते, फक्त पाण्याचा आवाज येत होता. भाऊंनी बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. मग विचारलं, "रमजानचा माल कोन काढीन?"

रमजानआधीचे आणि रमजानातले दिवस म्हणजे केळीवाल्यांचा वर्षाचा सगळा जीव. आखातातली मागणी तेव्हाच येते.

"मी काढून देते," मंदाबाई म्हणाल्या. "ईद झाल्यावर जाईन. तवरोक सुगंधाबाईले तयार करते. तिचा हात माह्यापेक्षा हलका हाये, फक्त ती बोलाले भेते. तुमी तिले बोलू द्या."

भाऊ माझ्याकडे वळले. "तुमची कंपनी थांबीन?"

मी म्हणाले, "थांबवते." कंपनीला मी अजून काहीच विचारलं नव्हतं.

"चौदा वर्सं माह्या डोयासमोर व्हती," भाऊ म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "बडोद्याच्या मानसाले दिसलं." मग त्यांनी आतून लेटरहेड मागवलं आणि मांडीवर वही ठेवून स्वतःच्या हातानं दाखला लिहायला घेतला. अक्षर मोठं. अर्ध्यावर थांबून त्यांनी मंदाबाईंना विचारलं, "तुव्हा हुद्दा काय लिहू?"

मंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. चौदा वर्षांत त्या शेडमध्ये त्यांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं, असं मला सुगंधाबाईंनी नंतर सांगितलं. भाऊंनी आपल्या मनानं लिहिलं, 'मालाच्या मुख्य पारखी', आणि खाली सही केली.

कंपनीनं कुरकुर केली, पण थांबली. ईदनंतरच्या सोमवारी मंदाबाई निघाल्या. शेडवरच्या बायकांनी वर्गणी काढून त्यांना चाकांची बॅग घेतली होती. ती त्यांना ओढता येईना, म्हणून दोघीजणी ती डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत आल्या. भाऊ आले नाहीत. त्यांनी गाडी पाठवली होती, थेट शिरपूरपर्यंत.

पहिला महिना वाईट गेला. त्यांना काचेची केबिन दिली होती. त्या खुर्चीत बसल्या की पाठ टेकत नसत, आणि मला फोन करून म्हणत, "ताई, अठी कोनी वरडत नाही माह्यावर, मले काम केल्यासारखंच वाटत नाही." एकदा संगणकावर तक्ता भरायचा राहिला म्हणून मुख्य साहेबांनी सर्वांसमोर सुनावलं, तेव्हा त्या परत जायची बॅग भरून बसल्या होत्या. मी धुळ्याहून निघायच्या आत मयुरीनंच मार्ग काढला. तिनं शिरपूरच्या एका लॅबमध्ये काम धरलं, आईजवळ राहायला आली आणि तक्ता भरायला शिकवला. मोबाईलवर बोलून भरता येतो हे कळल्यावर मंदाबाईंची भीती गेली. आता तो तक्ता साहेबांच्या आधी तयार असतो.

मी मागच्या महिन्यात दुसऱ्या एका कामासाठी शिरपूरला गेले होते, तेव्हा वाटेत पॅकहाउसवर उतरले. मंदाबाईंनी मला डोक्याला घालायची जाळीची टोपी दिली, स्वतःची सारखी केली आणि आत नेलं. धुण्याच्या टाक्यांना वरच्या बाजूनं नवीन पन्हाळ बसवलेली होती. पट्टीवर एक नवीन मुलगी फणी कापत होती, आदिवासी पाड्यावरची असावी, घाबरून सुरी फार घट्ट धरलेली. मंदाबाई माझ्याशी बोलता बोलता थांबल्या. तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, तिचं मनगट आपल्या डाग पडलेल्या हातात घेतलं आणि ढिलं केलं.

"असं. देठाच्या पोटातून. तुले कोनी घाई नाही सांगली."

मुलीनं दुसरी फणी कापली. ती सरळ सुटली आणि पाण्यात पडली. मंदाबाईंनी तिचं नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण कोण आहे ते विचारलं. मी बाजूला उभी राहिले. माझ्या पुढच्या बसची वेळ झाली होती, ती मी जाऊ दिली.